पंखा बंद ठेवा!

वाचकहो, हा अंक आपल्या हाती आहे तो बहुधा बाहेरच्या खोलीत. आपण खुर्चीत अंमळ रेलून बसला आहात. शेजारी बशीत चिवडा आहे, लाडू आहे. पाऊस सरला, पण थंडी अजून यायची आहे; हवेत उकाडा आहे आणि म्हणून डोक्यावरचा पंखा चांगल्या वेगाने फिरतो आहे. आतून तळणीचा चर्र आवाज येतो आहे. भाजणीच्या चकलीचा वास वाचनात मधून मधून व्यत्यय आणतो आहे. व्यत्यय गोड आहे, म्हणून आपण तक्रार करीत नाही.

आता एक कृपा करा. अंक पालथा ठेवा, उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जा आणि छताकडे पाहा. तेथे पंखा आहे काय? पुष्कळ घरांत नसतोच. असला तर फिरतो आहे काय? नाही! घरातल्या सर्वांत तापलेल्या खोलीत, कढईभर कढत तेलासमोर जी व्यक्ती दोन तास उभी आहे, नेमका तिच्याच वाट्याला वारा नाही.

कारण अगदी साधे आहे. पंखा लावला की गॅसची ज्योत लवते, फडफडते, भांडे सोडून भलतीकडेच जळते. म्हणून ‘पंखा बंद ठेवा’ हा आपल्या घराघरांतला कायदा होऊन बसला आहे. तो कोणी लिहिला नाही, कोणी वाचला नाही, आणि मोडता येतो हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे आपण म्हणत आलो. चुली गेल्या, आता घरोघरी बंद पंखे आहेत.

मी हे कोणत्या अधिकाराने लिहितो, असे कोणी विचारील. गुन्हेगाराच्या अधिकाराने, असे माझे उत्तर आहे. मी सोलापूरचा, सत्तरी ओलांडलेला, पेन्शन खाणारा गृहस्थ. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली आणि या चव्वेचाळीस वर्षांत मी तव्यावरची गरम भाकरी खात आलो ती पंख्याखाली बसून. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस पत्नी अंगणात घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा-सून पुण्यास, आपापल्या नोकऱ्यांत. साहजिकच स्वयंपाक माझ्याकडे आला.

सोलापूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. ज्यांनी सोसला नाही त्यांना ते खरे वाटणार नाही. पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास मी एका बर्नरवर कुकर चढविला, दुसऱ्यावर दुधाचे पातेले ठेवले आणि सहजपणे पंख्याचे बटण दाबले. आमच्या स्वयंपाकघरात पंखा आहे. घर बांधताना मीच तो हौसेने बसवून घेतला होता आणि या दूरदृष्टीबद्दल माझी पाठ मीच थोपटली होती. ज्योत लगेच एका अंगाला झुकली. आतल्या खोलीतून पत्नीचा आवाज आला, “अहो, पंखा बंद करा! गॅस विझेल.”

मी म्हटले, “अगं, पण उकडतं आहे!”

ती म्हणाली, “हो. उकडतंच.”

त्या उत्तरात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. मुलाने विचारावे, ‘आई, पावसात भिजायला होतं का?’ आणि आईने म्हणावे, ‘हो, होतं’, तशातला तो प्रकार. टोमणा असता तर मी परतवला असता. हे उत्तर मात्र परतवता आले नाही.

चौथ्या दिवशी मी बाजारात गेलो आणि विजेची इंडक्शन शेगडी घेऊन आलो. माझा गुन्हा तो हाच. पत्नीच्या चव्वेचाळीस उन्हाळ्यांत जी सोय मला सुचली नाही, ती माझ्या स्वतःच्या चौथ्या दुपारी सुचली!

शेगडी घरात आली आणि तिच्यावर दूध तापण्याआधी माणसे तापली. आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरचे स्नेही, पुण्याहून फोनवर बोलणारे मेहुणे, शेजारचे अण्णा, सर्वांनी मला उपदेश केला. या सर्व मंडळींत एक गोष्ट समान होती. त्यांपैकी एकही रोज ओट्यापाशी उभा राहत नाही. त्यांचे आक्षेप एकेक करून पाहण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. “अग्नी हा गृहस्थाश्रमाचा साक्षी. ज्योत नाही ते स्वयंपाकघर कसले?” मोठा भारदस्त आक्षेप आहे. पण ही कोणती ज्योत? आपल्या देशात हा नळकांड्यातला गॅस घरगुती वापरासाठी प्रथम आला तो 1955 साली, मुंबईत. ‘इंडेन’ने कलकत्त्यात पहिली जोडणी दिली ती 1965 साली. म्हणजे जिला आपण सनातन म्हणतो ती निळी ज्योत वयाने माझ्याहून लहान आहे! माझ्या आईने चूल फुंकली, मग भुश्याची शेगडी भरली, मग प्रायमस स्टोव्हला पिन मारली. स्टोव्ह आला तेव्हा आजी म्हणाली की रॉकेलच्या वासाचे अन्न देवाला चालायचे नाही. गॅस आला तेव्हा आत्या म्हणाली की हे अन्न अंगी लागत नाही आणि टाकी फुटली तर घर उडेल. पुढे त्याच आत्याने गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहिली. नव्या गोष्टीला विटाळ म्हणायचे आणि वीस वर्षांनी तिलाच परंपरा म्हणून मिठी मारायची, ही आपली जुनी खोड आहे. अग्नीबद्दल ज्यांना खरी आस्था आहे त्यांनी देवघरातली समई रोज स्वहस्ते लावावी. तेवढेही काम ते बायकोला सांगतात, हे मी पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप चवीचा. आणि आमच्या सोलापुरात चवीचा म्हणजे भाकरीचा. येथे मी वकिली करणार नाही, खरे तेच सांगेन. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून ज्योतीवर धरली म्हणजे तिचा पापुद्रा जसा टम्म सुटतो, तसा या शेगडीवर सहजासहजी सुटत नाही. शेगडीच्या काचेखालचे तारेचे वेटोळे असते वीतभर. भाकरी असते त्याहून मोठी. त्यामुळे मध्यभाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा चांगला तापू दिला, भाकरी जरा लहान थापली, ती फिरवत राहिले आणि फडक्याने कडा दाबल्या, तर फुगते. पण हात बसावा लागतो. वांगे तर भाजताच येत नाही. पापड भाजता येतो तो तव्यावर, आणि तो भाजलेला पापड आहे असे म्हणण्यास मन धजत नाही. हे सारे मला मान्य आहे.

पण मला सांगा, स्वयंपाक म्हणजे का नुसती भाकरी आणि भरीत? सकाळचा चहा, दोन वेळचे दूध, भात, वरण, आमटी, उसळ, पोहे, उपमा, बटाटे उकडणे, तूप कढविणे, दिवाळीची तळणी, यांपैकी कशाला ज्योत लागते? ओट्यापाशी जाणाऱ्या तासांतला फार मोठा भाग या कामांचा असतो. अर्ध्या तासाच्या भाकरीसाठी बाकीचे सारे तास बिनवाऱ्याचे काढावेत, हा कोठला न्याय? एक बर्नर भाकरीसाठी राहू द्या की! गॅस हद्दपार करा असे कोण म्हणतो आहे? आणि चवीचे म्हणाल तर बिडाचा सपाट तवा या शेगडीवर असा तापतो की थालीपीठ आणि घावन पूर्वीहून खरपूस होतात. तळणीचे तेल एकदा हव्या त्या आचेवर आणून ठेवले की तेथेच राहते; चकलीचा एक घाणा काळा आणि दुसरा मऊ, असा प्रकार कमी होतो.

तिसरा आक्षेप भीतीचा. “त्यातून किरण निघतात म्हणे!” मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवून दिले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो. आपल्या घरातील वीज ज्या जनित्रातून येते ते याच तत्त्वावर चालते. शेगडीच्या काचेखालील वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचे बूड आले की त्या बुडातच प्रवाह घुमू लागतात आणि भांडे स्वतःच तापते. ज्योत नाही, तापलेली तार नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात फ्रिजिडेअर कंपनी या शेगडीची जाहिरात करताना भांडे आणि शेगडी यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवीत असे. वर पाणी उकळे आणि खाली वर्तमानपत्र जळत नसे. भांडे उचलले की उष्णता थांबली; काच तापते ती केवळ भांड्याच्या स्पर्शाने. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शेगडीला खेटून उभे राहू नये. इतरांनी उगाच घाबरू नये.

उलट, ज्याची भीती बाळगायला हवी त्याची आपण बाळगत नाही. निळ्या ज्योतीला धूर दिसत नाही, म्हणून ती निर्मळ असे आपण समजतो. पण ज्योतीच्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तो श्वासनलिकेला त्रासदायक, दमेकऱ्यांना विशेष. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली या वायूची वार्षिक सरासरीची मर्यादा दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली. आणि आपल्याकडे काय होते? ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद, वारा शिरू नये म्हणून खिडकीही लोटलेली, आणि त्या कोंडलेल्या हवेत गृहिणी उभी! तळणीचा धूर विजेच्या शेगडीवरही होतो, हे खरे. पण तेथे खिडकी उघडी टाकता येते.

चौथा आक्षेप पैशाचा. हा मात्र जबाबदार आक्षेप आहे आणि त्याला जबाबदारीनेच उत्तर दिले पाहिजे. 14.2 किलोच्या एका सिलिंडरात जी उष्णता असते ती विजेच्या हिशेबात सुमारे 180 युनिट भरते. गॅसच्या शेगडीच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणीत किमान 68 टक्के उष्णता भांड्यात उतरली पाहिजे; म्हणजे उपयोगी पडतात साधारण 120 युनिट. विजेच्या शेगडीत 85 टक्क्यांच्या आसपास उतरते असे धरले तर एका सिलिंडराचे काम करण्यास सुमारे 140 युनिट वीज लागेल. ज्योत भांड्याच्या बाहेर जळत असेल तर त्याहून कमी. आता आपले वीजबिल काढा आणि आपल्या दराने गुणा. आपल्या राज्यात 100 युनिटांनंतर दर चढतो आणि 300 नंतर आणखी चढतो, हे विसरू नका. आमच्या घरी हिशेब केला तेव्हा सिलिंडराची बचत वजा जाता विजेवरचा स्वयंपाक थोडा महागच पडला. स्वस्त पडतो असे सांगून मी आपणास फसविणार नाही.

पण थांबा! हा आक्षेप ज्यांनी घेतला त्या आमच्या स्नेह्यांच्या निजण्याच्या खोलीत एअर-कंडिशनर आहे. उन्हाळ्यात तो रात्रभर चालतो आणि रात्रीला सात-आठ युनिट खातो. महिन्याचे दोनशेच्या वर झाले! तो बसविताना त्यांना युनिटांचे टप्पे आठवले नव्हते. दिवाणखान्यातला मोठा टेलिव्हिजन घेताना आठवले नव्हते. नेमके स्वयंपाकघरात शंभर युनिट जायचे म्हटल्याबरोबर त्यांना काटकसर आठवली. घराची काटकसर नेहमी ओट्यापासूनच का सुरू व्हावी?

पाचवा आक्षेप, वीज जाते. जाते खरी! म्हणून तर एक सिलिंडर घरात ठेवावाच. पण सिलिंडरही आभाळातून पडत नाही. देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून जहाजाने आणावा लागतो. तिकडे आखातात काही खुट्ट झाले की इकडे आपल्या कपाळावर आठी. वीज तरी कोठे स्वर्गातून येते? ती येते प्रामुख्याने दगडी कोळशावर, चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून. तेव्हा या शेगडीच्या मस्तकी पुण्याईचे तेजोवलय लावण्याची मला मुळीच इच्छा नाही. ज्यांना छतावर सौर पट्ट्या बसविणे परवडते त्यांनी ते वलय खुशाल लावावे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे, आणि ते छतावरच्या पंख्यापुरते आहे.

येथवर वाचून काही उत्साही तरुण खूष झाले असतील आणि उद्याच एक शेगडी मागवून आईच्या ओट्यावर ठेवण्याच्या बेतात असतील. त्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत.

पहिला असा की, ज्या घरात महिन्याला शंभर युनिटही जळत नाहीत, जेथे घरभर एकच तार आणि एकच बटण आहे, तेथे जाऊन हा उपदेश करू नका. 1 मे 2016 रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर कोट्यवधी घरांत पहिला सिलिंडर पोचला. त्या घरांतल्या बायकांनी आयुष्यभर लाकडांचा आणि गोवऱ्यांचा धूर गिळला होता. त्यांच्या लेखी गॅस म्हणजे सुटका आहे. दुसरा सिलिंडर परवडावा एवढीच त्यांची विवंचना असते. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ते आहे तुमच्या-माझ्यासारख्यांशी. ज्यांच्या घरात पंख्याला छत आहे, छताला हुक आहे, आणि तरीही वारा नाही.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो मी मार खाऊन शिकलो. जूनमध्ये पत्नीचे प्लास्टर निघाले. ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावरची काळी काच तिने पाहिली. खालच्या फळीवर मी ओळीने मांडून ठेवलेली तिची भांडीही पाहिली. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेली, गोल बुडाची कढई. चुंबक लावून मी त्यांची परीक्षा घेतली होती आणि सर्वांना नापास केले होते. ती शांतपणे म्हणाली, “माझ्या ओट्यावर काय ठेवायचं, ते मला विचारलंत का?”

वाचकहो, मी तिला वारा द्यायला निघालो होतो, आणि तोही हुकूमनामा काढून! पूर्वी ‘पंखा बंद’ हा हुकूम होता, आता ‘गॅस बंद’ हा हुकूम. सोसणारी तीच, आणि विचारलेले कोणी नाही. आपल्या घरांत चूल गेली, स्टोव्ह आला, स्टोव्ह गेला, गॅस आला. या प्रत्येक वेळी बाहेरच्या खोलीत चर्चा झाली, पैसे मोजले गेले, सही झाली, आणि मग आतल्या खोलीत निरोप गेला. चुलीपुढे जी उभी राहते तिचे मत त्या सहीच्या आधी विचारले गेले असते, तर हा बंद पंखा आपण इतकी वर्षे तिच्या डोक्यावर टांगून ठेवला नसता.

मी क्षमा मागितली. मग आम्ही दोघे टेबलाशी बसलो आणि तिने निवाडा दिला. भाकरी गॅसवर, दुपारच्या आत उरकायची. भरीत आणि पापड गॅसवर. बाकीचे सारे विजेवर. पितळी पातेली विकायची नाहीत, दिवाळीत उजळून वापरायची. सपाट बुडाची एक पोलादी कढई आणायची. शेगडीला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंग असलेला प्लग हवा, जोडवायर चालणार नाही. हे तिनेच मला सांगितले. तिने वायरमनला आधीच विचारून ठेवले होते. आणि शेवटचे कलम असे की, सकाळचा व संध्याकाळचा चहा ह्यापुढे मी करायचा. या कलमाचा इंडक्शनशी काय संबंध, असे मी विचारले. ती म्हणाली, “संबंध नाही. पण आता तुम्हाला उकडत नाही ना?”

यंदाची आमची चकली विजेवर तळली गेली. पंखा फिरत होता, खिडकी उघडी होती. पहिला घाणा तिने काढला, दुसरा मी. माझ्या चकल्यांना काटे कमी आले, त्याचे खापर शेगडीवर फोडण्याचा मी प्रयत्न केला. तो मान्य झाला नाही.

तेव्हा वाचकहो, वाद घालायचा असेल तर अवश्य घाला. अग्नीच्या बाजूने बोला, चवीच्या बाजूने बोला, बिलाच्या बाजूने बोला. फक्त त्याआधी एकदा आत जा, तिच्या हातचा झारा मागून घ्या आणि पंखा बंद ठेवून एक घाणा तळून पाहा. तोवर तिला बाहेर तुमच्या खुर्चीत बसू द्या, पंख्याखाली. हा अंक तेथेच पालथा पडलेला आहे. तिलाही तो अजून वाचायचा असेल.